माझ्या पोटातला आजोबांचा सेल

मित्रांनो, तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांनी मला नक्की पाहिलं असेल. हातात मावेल एवढा, राखाडी रंगाचा, वरून विटा पडणारा एक जुना व्हिडिओ गेम. तो मी. माझ्या काचेवर रंग नाहीत. काळे चौकोन वरून खाली येतात आणि ते नीट रचायचे असतात, एवढाच माझा खेळ. माझं उजवीकडचं पिवळं बटण झिजून गुळगुळीत झालं आहे. मागचं झाकण कधीच हरवलं, तिथं चिकटपट्टी लावलेली आहे. मी आज माझं आयुष्य सांगणार आहे, पण कौतुक करून घ्यायला नाही. मला माझीच किळस आली आहे, आणि ती कोणापाशी तरी बोलल्याशिवाय जाणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती वेळणेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेची. एका चादरीवर आम्ही ओळीनं मांडलेले होतो, शेजारी शिट्ट्या आणि प्लॅस्टिकच्या बाहुल्या. राजेंद्र नावाचा मुलगा आत्याबरोबर जत्रेला आला होता. त्यानं मला उचललं आणि मग खाली ठेवलंच नाही. आत्यानं शेवटी हात टेकले.

तो मला पालीच्या अलीकडच्या आमच्या वाडीत घेऊन आला. ते दिवस चांगले होते. सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या खडकाळ माळावर, गुरं सोडायची आणि कातळावर बसून मला खेळवायचं. वाडीतली मुलं रांग लावून उभी राहायची. "राजू, माझा नंबर कधी रं?" असं विचारायची. माझी टुणटुण ऐकली की बैलसुद्धा मान वर करून बघायचे. माझी एवढी स्तुती मी पुन्हा कधी ऐकली नाही.

मग राजेंद्र मोठा झाला, कामासाठी मुंबईला गेला, आणि जाताना मला एका ट्रंकेत टाकून गेला. पोटात दोन सेल तसेच ठेवून. मित्रांनो, हे कधी करू नका. सेल पडून पडून कुजतात. ते फुगतात, फुटतात आणि त्यांच्यातून पांढरी-हिरवी बुरशीसारखी घाण बाहेर येते. ती माझ्या पोटभर पसरली. माझ्या स्प्रिंगा तिनं खाल्ल्या. कितीतरी वर्षं मी अंधारात स्वतःचीच घाण अंगावर घेऊन पडलो होतो. तेव्हा मला वाटायचं, याहून ओंगळ काही असू शकत नाही. ते चुकीचं होतं.

राजेंद्रच्या मुलीनं, तेजलनं, मला ट्रंकेतून काढलं. ती आता सहावीत आहे. आईबरोबर आणि आजीआजोबांबरोबर गावीच राहते. मला बघून ती "शी!" म्हणाली, पण टाकलं नाही. तिच्या आजीनं, कमलाआजीनं, आमसुलाच्या पाण्यात कापूस बुडवून माझं पोट पुसलं. देवाची तांब्याची भांडी ती याच पाण्यानं घासते. स्प्रिंगा चकचकीत झाल्या. सेल घातले आणि मी टुणकन वाजलो. तेजल नाचली. माझा दुसरा जन्म झाला.

आता त्या घरातला सेलांचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

नवा सेल आणला की तो आधी आजोबांच्या कानाच्या यंत्रात जायचा. तेजलचे आजोबा, हरिश्चंद्रबुवा, यांना कमी ऐकू येतं. आगपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं आणि त्याची वायर कानापर्यंत जाते. त्यात एक पेन्सिल सेल लागतो. महिनाभरानं आवाज बारीक यायला लागला की कमलाआजी तो सेल काढायची आणि माझ्या पोटात घालायची. मला दोन लागतात, म्हणून आधीच्या महिन्याचाही अजून पोटात असायचा. माझे आकडे फिके पडायला लागले की तोच सेल भिंतीवरच्या घड्याळात जायचा. घड्याळ थांबलं की मग तो संपला. सेल असा वरून खाली यायचा. खालून वर कधीच गेला नाही. म्हणजे मी कायम आजोबांच्या कानाचं उष्टं खाऊन जगलो, आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही.

हरिश्चंद्रबुवा जाखडीचे शाहीर आहेत. गणपतीत आमच्याकडं जाखडीचे सामने होतात. एका बाजूचा शाहीर गाण्यातून सवाल टाकतो आणि दुसऱ्यानं तिथल्या तिथं गाण्यातूनच जबाब द्यायचा असतो. बाकीचे पायात घुंगरू बांधून गोल नाचतात. बुवा शाळेत गेले नाहीत. चाळिशी ओलांडल्यावर अक्षरं शिकले, ती केवळ आपली गाणी आपल्या हातानं वहीत उतरवता यावीत म्हणून. ती वही म्हणजे त्यांचा जीव. यंदा मंडळातली तरुण पोरं कुजबुजत होती, की बुवांनी आता बसून बघावं. तेव्हा बुवांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ज्या दिवशी मला समोरच्याचा सवाल ऐकू येणार नाय, त्या दिवशी वही संदेशच्या हातात देईन. आणि एकदा दिली की दिली. परत मागणार नाय." संदेश हा त्यांचा पुतण्या, ढोलकी वाजवतो. गौरीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, शेजारच्या वाडीच्या बाबूबुवांबरोबर आमच्या अंगणात सामना ठरला होता.

गणपतीला मुंबईहून तेजलचा चुलतभाऊ गौरव आला. त्याच्या हातात माझा नवा भाऊबंद होता. लाल, चकचकीत, आतून उजेड पडणारा. चारशे गेम. तो बोलायचा, गायचा, थरथरायचा. मी त्याच्याकडं पाहिलं आणि खरं सांगतो, मला राग नाही आला. मला तो आवडला. पण मुलांना आम्ही दोघं एकाच बाकावर बघवेना.

"हे काय गो? कॅल्क्युलेटर?" गौरव म्हणाला.

"पप्पांचा गेम आहे."

"मग बेरीज करून दाखव की याच्यावर."

"तुझा दाखव ना चालवून," तेजल म्हणाली. "काल दुपारपासून झोपलाय बिचारा."

ते खरं होतं. फांदी पडून वायर तुटली होती आणि दोन दिवस वाडीत लाईट नव्हती. लाल गेम तीन तास चालायचा आणि मग मेल्यासारखा पडायचा. गौरव त्याला घेऊन घरभर फिरत होता, जणू कुठल्या तरी भिंतीतून थोडी वीज सांडेल.

"लाईट येऊ दे, मग बघ. तुझा सेल बदलून बदलून चालतो."

"तुझा वायर लावून चालतो. वायर लावून तर पंखापण चालतो मेल्या!"

मुलं फिदीफिदी हसली. गौरवचे कान लाल झाले. लाईट आल्यावर त्यानं आपला गेम रात्रभर वायरीला लावला, आणि सकाळी, सामन्याच्याच दिवशी, पैज लागली. दुपारचं जेवण झालं की दोन्ही गेम चालू करून ओटीवरच्या बाकावर ठेवायचे. मध्ये वायर लावायची नाही, सेल बदलायचे नाहीत. ज्याचा आधी बंद पडेल त्यानं जाखडीला जमलेल्या सगळ्या माणसांसमोर दुसऱ्याला हात जोडून 'गुरू' म्हणायचं.

मित्रांनो, ही कसली स्पर्धा? कोणी खेळणार नव्हतं. कोणी विटा रचणार नव्हतं. आम्ही दोघांनी फक्त चालू राहायचं आणि मुलांनी बसून बघायचं, की आधी कोण मरतो. कोंबड्यांच्या झुंजीत निदान कोंबडे एकमेकांना टोचतात तरी. त्या वेळी माझ्या मनात पहिल्यांदा ओकारीसारखं काहीतरी आलं.

माझे दोन्ही सेल तेव्हा संपत आले होते. आकडे इतके फिके होते की तेजल मला उन्हाकडं तिरपं धरून बघायची. दोन तास टिकलो असतो तर पुष्कळ. दुकान पालीला, आणि सणाच्या गडबडीत पालीला कोण जाणार?

घरात दोन नवे सेल होते. कमलाआजीनं सामन्यासाठी मुद्दाम आणवले होते. एक त्याच सकाळी तिनं बुवांच्या यंत्रात घातला होता. दुसरा माठाशेजारच्या डबीत राखून ठेवला होता, वेळेला असावा म्हणून. बुवा आंघोळीला गेले. सदरा खुंटीला होता. तेजलनं इकडंतिकडं पाहिलं, खिशातून यंत्र काढलं, त्यातला सेल घेतला आणि माझ्यातला त्यात घातला. डबीतला घेतला आणि माझ्यातला दुसरा डबीत ठेवला.

"जरासं कमी येईल ऐकू," ती पुटपुटली. "संध्याकाळी परत देईन."

कोणाला म्हणाली कोणास ठाऊक. ऐकायला मीच होतो.

या दुसऱ्या जन्मात पहिल्यांदा मला ताजे सेल मिळाले. अंगात अशी ताकद आली की काय सांगू! माझे आकडे काजळासारखे काळे उमटले. आवाज ओटी ओलांडून अंगणात गेला. आणि त्या ताकदीबरोबरच मला मळमळायला लागलं. पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्याचं वाढलेलं ताट आपल्यापुढं ओढून जेवावं, तसं ते जेवण होतं. मी ते थुंकून टाकू शकत नव्हतो. माझं बटण माझ्या हातात नसतं.

बुवांनी सदरा घातला आणि वायर कानात बसवली.

"कमले, बोल बघू काहीतरी."

"काय बोलू? जेवायला चला म्हणते."

"मोठ्यानं बोल."

"मोठ्यानंच बोलते अहो!"

बुवांनी यंत्राचं चाक शेवटपर्यंत फिरवलं. आजीनं यंत्र हातात घेऊन पाहिलं. त्याचा बारीकसा लाल दिवा लागत होता. तिनं डबीतला सेल आणून घातला. तोही माझाच, अर्धमेला. बुवांनी पुन्हा कानाला लावलं. त्यांना आजी लांब नदीपलीकडून हाक मारावी तशी ऐकू येत होती.

बुवा ओटीवर बसले. बोटांवर मोजत हिशोब केल्यासारखे म्हणाले, "दिवा लागतो, म्हणजे यंत्र बरं हाय. सेल नवा, तो तूच घातलास. दुसरापण नवा. मग राहिलं काय? कान."

"असं काय बोलता?"

त्यांनी आजीच्या तोंडाकडं पाहून ओळखलं ती काय म्हणाली. "रत्नागिरीच्या डॉक्टरानं सांगितलंच होतं. एक दिवस असा येईल, की यंत्रानंपण भागणार नाय. आजच आला बघ."

सेलावर कोणाचा संशय गेला नाही. जाणार कसा? त्या घरात सेल खालून वर कधी गेलाच नव्हता. नवा म्हणजे नवा. म्हणून त्या माणसानं स्वतःचे कानच खोटे ठरवले. मी चार हात अंतरावरच्या बाकावर पडलो होतो, त्यांचा कान पोटात घेऊन, आणि टुणटुण वाजत होतो.

दुपारी पैज सुरू झाली. लाल गेम माझ्या शेजारी ठेवला. गौरवनं त्याचा उजेड इतका कमी केला होता, की तो रंगीत आहे हे सांगावं लागलं असतं. मुलं कोंडाळं करून बसली. तीनच्या सुमारास बाबूबुवांची माणसं आली. अंगणात ढोलकी तापवली गेली, घुंगरू बांधले गेले. तेजल बाकाजवळून हलली नाही.

सामना उभा राहायच्या आधी हरिश्चंद्रबुवांनी संदेशला बोलावलं आणि वही त्याच्या हातात ठेवली.

"काका, हे काय?" संदेश म्हणाला. "मी सहज बोललो असेन कधीतरी..."

बुवांना ते ऐकू गेलं नाही. "तू सवाल घे. मी आपला झांज धरतो बाजूला. झांज धरायला कान लागत नायत."

संदेशनं वही घेतली, पण ती कुठं धरावी ते त्याला कळेना. त्याला ती हवी होती, पण अशी नको होती.

तेजलनं हे पाहिलं. तिनं बाकावरून माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता उठेल. मग तिनं लाल गेमकडं पाहिलं. त्याच्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण तांबडी होऊन लुकलुकत होती. दहा मिनिटं. फार तर दहा मिनिटं.

ती बसून राहिली.

मित्रांनो, त्या दहा मिनिटांची मला अजून शिसारी येते. कुजलेल्या सेलाची घाण मी वर्षानुवर्षं पोटात बाळगली, ती आमसुलाच्या पाण्यानं निघाली. ही निघत नाही. कारण त्या दहा मिनिटांत मला जिंकायचं होतं. हो, मलासुद्धा. शेजारी तो देखणा लाल गेम एकेक श्वास मोजत होता आणि मी मनात म्हणत होतो, पड, आता पड.

तो पडला. एक बारीक सूर काढून त्याची काच काळी झाली. मुलांनी आरडाओरडा करून ओटी डोक्यावर घेतली. गौरव शब्दाला जागला. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "गुरू, नमस्कार!" पोरं शिट्ट्या मारायला लागली. त्या गलक्यानं अंगणातला नाच थबकला. बाबूबुवा सवाल गात होते, ते थांबले. जमलेलं सगळं अंगण ओटीकडं वळून बघायला लागलं.

एक माणूस वळला नाही. हरिश्चंद्रबुवा. ते ओटीच्या अगदी पायरीशी बसले होते, गलका त्यांच्या डोक्यावरच झाला होता. ते डोळे मिटून झांज वाजवत राहिले. ढोलकी थांबली होती हे त्यांना कळलं नव्हतं. त्या शांततेत एकटी झांज वाजत होती. दोन-चार माणसं हसली.

तेजल उठली. ती पायरीवरून उतरली आणि त्यांच्यासमोर उभी राहून, त्यांचा खांदा हलवून म्हणाली, "आजोबा, मी घेतला तुमचा सेल. कान चांगले आहेत तुमचे."

बुवा तिच्याकडं बघून हसले, मान डोलावली आणि हातातली झांज वर करून दाखवली. म्हणजे, बघ बघ, छान चाललंय. ज्याला सांगायचं होतं त्याला ऐकू येणारच नव्हतं. कमलाआजीला मात्र ऐकू गेलं. तिनं नुसतं पाहिलं, आणि तेजलचं तोंड रडवेलं झालं.

पोर धावत बाकाशी आली. तिनं माझी चिकटपट्टी ओरबाडून काढली. मी तेव्हा जिंकलेला होतो, माझे आकडे अजून काळेभोर होते. तिनं सेल उपसला आणि मी मिटलो. मिटल्यावरही मला दिसत होतं, कारण आम्हा वस्तूंना बघायला सेल लागत नाही. तिनं बुवांच्या खिशातून यंत्र काढलं, सेल बदलला आणि वायर त्यांच्या कानात बसवली.

बुवा दचकले. त्यांनी आधी यंत्राकडं पाहिलं. मग तिच्या मुठीतल्या जुन्या सेलाकडं, मग बाकावर उघड्या पोटानं पडलेल्या माझ्याकडं. त्यांना सगळं कळलं. तेजल हुंदके देत होती आणि आता तो प्रत्येक हुंदका त्यांना ऐकू येत होता.

ते उठले. मला वाटलं, सगळ्यांसमोर तिला बोलतील. त्यांनी बाबूबुवांना हात जोडले.

"बुवा, सवाल पुन्हा एकदा म्हणा."

अंगणात कुजबुज झाली. जाखडीत सवाल पुन्हा म्हणायला लावणं म्हणजे अर्धी हार समजतात. आजवर त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

"काय हरिश्चंद्रबुवा, कान गेले काय?" बाबूबुवांनी टोमणा मारला.

"गेलेले. जरा फिरून आले." सगळे हसले, बुवाही हसले. "वय झालं बुवा. म्हणा."

सगळा दोष त्यांनी आपल्या वयावर घेतला. बाबूबुवांनी पुन्हा गाऊन विचारलं, लंकेच्या पुलाचा पहिला दगड उचलला कोणी, सांग शाहिरा. संदेशनं घाईघाईनं वही पुढं केली. बुवांनी ती हातानंच मागं सारली. डोळे मिटून ऐकत राहिले, ढोलकी अंगात भिनू दिली, आणि गायला लागले. ज्यानं पहिला उचलला त्यानं नाव सांगितलं नाही, म्हणून दुसरा दगड उचलला गेला, म्हणून पूल झाला. बाबूबुवांनीच पहिली टाळी वाजवली.

पण वही संदेशकडंच राहिली. संदेश दोनदा परत द्यायला आला. बुवा म्हणाले, "दिली ती दिली. चार माणसांसमोर बोललेलं मोडायचं कसं?" तेव्हापासून ते झांज धरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजल त्यांच्या पायाशी बसली होती. बुवा तिला म्हणाले, "तू मला बहिरा केलंस, त्याचं काय वाटत नाय गो बाय. चार तास तर होते. पण मला माझ्याच कानांवर संशय घ्यायला लावलास. आता आवाज जरा कमी आला, की मनात येतं, सेल संपला, की मी?"

तेजलनं आपल्या हातानं त्यांच्या कानातली वायर नीट बसवली.

गौरव मुंबईला गेला. जाताना तो आपल्या लाल गेमला काहीबाही शिव्या देत होता, घरी जाऊन वडिलांकडं जास्त टिकणाऱ्या बॅटरीचा गेम मागणार आहे म्हणत होता. त्यात त्या लाल गेमचा काय दोष? तो जेवढं खाल्लं तेवढा चालला. स्वतःचं खाऊन चालला. हरला तो, पण आम्हा दोघांत स्वच्छ तोच राहिला.

मी फळीवर आहे. पोट रिकामं आहे. तेजलनं पुन्हा सेल घातले नाहीत आणि मी त्याची वाटही बघत नाही.

मित्रांनो, आम्हाला जरूर खेळा. आमच्यातले सेल वेळेवर काढा, ते उघड्यावर फेकू नका. पण त्याआधी एक करा. आमच्या पोटात सेल घालताना, तो कुठून काढलात ते एकदा बघा. मी बंद पडलो तर कोणाचंही काही अडत नाही. विटा पडायच्या थांबतात, एवढंच. पण मी चालू राहावं म्हणून घरातलं दुसरं काय बंद पडलं, ते माणूस सांगेलच असं नाही. तो आपलीच चूक समजून गप्प झांज वाजवत बसेल. त्याला विचारायला जा. आणि तो वळला नाही, तर पुन्हा विचारा.